शिंगाची पाटी आणि हंसाचं पीस

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)



जून जवळ आला की आमच्या बचत गटांच्या बैठकीत कर्जाचं एक कारण हमखास निघतं. पोरांच्या वह्या-पुस्तकांचं. कुणी हजार मागतं, कुणी दोन हजार. दप्तर, वह्या, कंपास, रंगपेटी, बूट, पाण्याची बाटली. यादी दर वर्षी लांबतच जाते. म्हणून आज आम्ही शाळेच्या सामानाचाच विषय घेतला आहे. मात्र आज बोलणार आहोत ते दोनशे ते साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या अमेरिकेतल्या मुलांच्या सामानाबद्दल.

अमेरिका म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे उंच इमारती आणि श्रीमंती येते. तेव्हा तसं काही नव्हतं. १६२० नंतर इंग्लंडहून बोटी भरून माणसं तिथल्या पूर्व किनाऱ्यावर येत गेली. तिथे मूळचे लोक आधीपासून राहत होतेच. त्यांच्या जमिनी घेत ही नवी वस्ती वाढली. जंगल तोडायचं, शेती करायची, घर बांधायचं, थंडीत लाकूडफाटा साठवायचा, यातच दिवस जात. बाजारपेठ फारशी नाही, छापखाने बोटांवर मोजण्याइतके, आणि कागद तर बहुतेक समुद्रापलीकडून यायचा. अशा ठिकाणी मूल शिकायला बसलं तर त्याच्या हातात काय असायचं?

पहिली वस्तू म्हणजे हॉर्नबुक. हॉर्न म्हणजे शिंग आणि बुक म्हणजे पुस्तक. नाव पुस्तक, पण पान एकच. तळहातापेक्षा थोडी मोठी, खाली मूठ असलेली लाकडी फळी. धुणं बडवायच्या धोपटण्याचं पिल्लूच म्हणा. त्या फळीवर एक कागद चिकटवलेला असे. कागदावर इंग्रजी मुळाक्षरं, त्याखाली आपल्या बाराखडीसारखी अक्षरांची जोडणी आणि शेवटी ख्रिस्ती प्रार्थना. कागदावर शिंगाचा पातळ पापुद्रा बसवलेला. बैलाचं शिंग पाण्यात भिजत घालायचं, उष्णता देऊन मऊ करायचं, दाबून सपाट करायचं आणि त्याचे पापुद्रे सोडवायचे. पापुद्रा इतका पातळ की खालची अक्षरं आरपार दिसत. कडेने पितळेची पट्टी आणि बारीक खिळे. आपण आधार कार्ड लॅमिनेट करून घेतो ना, तेच काम तेव्हा शिंग करायचं. मुलाचे मळके, ओले हात लागले तरी कागद खराब होत नसे. मुठीला भोक पाडून त्यात दोरी ओवायची आणि फळी गळ्यात किंवा कमरेला अडकवायची. एकच फळी थोरल्याकडून धाकट्याकडे जायची.

एका कागदाला एवढं जपायचं कारण म्हणजे कागद फार महाग होता. आज कागद मुख्यतः लाकडाच्या लगद्यापासून होतो. तेव्हा तो चिंध्यांपासून व्हायचा. जुनं सुती आणि तागी कापड कुजवायचं, कुटायचं, त्याचा लगदा करायचा आणि चाळणीसारख्या साच्यावर पसरून एकेक ताव काढायचा. अमेरिकेतली पहिली कागद गिरणी पेनसिल्व्हेनियात १६९० साली विल्यम रिटेनहाऊस यांनी सुरू केली. गिरण्या वाढल्या तशी चिंध्यांची टंचाई पडू लागली. मग वर्तमानपत्रांतून घरच्या बायकांना आवाहन व्हायचं की चिंध्या फेकू नका, साठवा आणि गिरणीला द्या. म्हणजे वर्तमानपत्र असो, पुस्तक असो की मुलांची वही, त्या कागदात बायांनी गाठोड्यात जपलेल्या चिंध्या होत्या.

लहान मुलांची पहिली शाळा बहुधा एखाद्या बाईच्या स्वयंपाकघरात भरायची. तिला ‘डेम स्कूल’ म्हणत. डेम म्हणजे वयस्क, मानाची बाई. ती कुणी विधवा असे, कुणी गरजू असे. चार पैसे घेऊन आजूबाजूची पोरं गोळा करायची. एकीकडे सूत कातायची, चुलीवरचं बघायची आणि दुसरीकडे अक्षरं म्हणवून घ्यायची. आपल्या अंगणवाडीच्या ताईंना हे चित्र लगेच समजेल.

फळीवरची अक्षरं पाठ झाली की पुढची पायरी ‘न्यू इंग्लंड प्रायमर’ नावाच्या छोट्या पुस्तकाची. बेंजामिन हॅरिस या छापखानेवाल्याने बॉस्टनमध्ये १६९० च्या सुमारास ते काढलं. प्रत्येक अक्षराला एक चित्र आणि एक छोटी जुळवलेली ओळ. त्यात धर्माची शिकवण भरपूर होती, मरणाची भीतीही भरपूर होती. पुढे १७८३ मध्ये नोहा वेब्स्टर यांचं शब्दलेखनाचं पुस्तक आलं. त्याच्या पुठ्ठ्याला निळा कागद असायचा, म्हणून लोक त्याला निळ्या पाठीचं पुस्तक म्हणत. सोप्या अक्षरजोडीपासून अवघड शब्दांपर्यंत पायऱ्या लावलेलं हे पुस्तक शंभर वर्षं घराघरांत टिकलं.

इथपर्यंत झालं वाचायचं सामान. लिहायचं सामान वेगळं होतं, आणि आजच्या बोलण्यातला खरा मुद्दा इथेच आहे.

लिहायला तीन वस्तू लागत: लेखणी, शाई आणि कागद. लेखणी म्हणजे हंसाचं पीस. पंखाच्या टोकाकडची मोठी, कडक पिसं निवडायची, गरम वाळूत किंवा राखेत धरून टणक करायची आणि चाकूने तिरपी कापून मध्ये चीर द्यायची. त्या छोट्या चाकूला इंग्रजीत अजूनही पेननाइफ म्हणतात, म्हणजे लेखणीचा चाकू. पिसाचं टोक लिहून लिहून बोथट व्हायचं आणि पुन्हा कापावं लागायचं. लहान मुलांना ते जमत नसे. त्यामुळे मास्तरचा बराचसा वेळ पोरांच्या लेखण्या तासण्यात जायचा.

शाई घरीच करत. आपण बाळगुटीत मायफळ उगाळतो. मायफळ हे फळ नसून ओक जातीच्या झाडावर एका किड्यामुळे येणारी गाठ असते. तशाच गाठी कुटून पाण्यात भिजवायच्या, त्यात हिराकस घालायची आणि चिकटपणासाठी डिंक. झाली काळी शाई. गाठी मिळाल्या नाहीत तर अक्रोडाची हिरवी साल किंवा झाडाची साल उकळून काढा करायचा आणि त्यात हिराकस टाकायची. थंडी अशी कडक की दौतीतली शाई गोठायची. मग दौत शेकोटीजवळ ठेवावी लागे. शेकोटीलाही लाकूड लागायचं आणि ते पालकांनी द्यायचं. काही गावांत ज्याच्या घरून लाकूड येत नसे, त्याचं पोर शेकोटीपासून लांब, गारठ्यात बसायचं. म्हणजे सामानाच्या यादीत सरपणही आलं.

वही विकत मिळत नसे. मोठे ताव आणून ते दुमडायचे आणि घरच्या सुई-दोऱ्याने मधोमध शिवायचे. हे काम बहुधा आईचं. वरून जाड तपकिरी कागदाचं किंवा उरल्यासुरल्या कापडाचं वेष्टन. ओळी मारायला शिशाची कांडी असायची. शिसं वितळवून लाकडाच्या खाचेत ओतलं की कांडी तयार. गणिताचं छापील पुस्तक मुलांकडे क्वचितच असे. मास्तर नियम आणि उदाहरण सांगायचा आणि मूल ते आपल्या वहीत सुवाच्य उतरवायचं. ती भरलेली वही हेच त्याचं गणिताचं पुस्तक. मोठं झाल्यावर दुकानात, व्यवहारात अडलं तर तीच उघडून बघायची.

आता विचार करा. पीस, चाकू, शाई, कागद या सगळ्याला खर्च आहे, आणि वर शिकवणारा मास्तर वेगळा. मग हा खर्च घरातल्या कोणत्या लेकरावर व्हायचा?

उत्तर तुम्हाला माहीत आहे.

त्या काळी वाचणं आणि लिहिणं या दोन वेगळ्या विद्या मानल्या जात. आपल्याकडे पोर शाळेत गेलं की दोन्ही एकदम सुरू होतं, त्यामुळे हे चटकन लक्षात येत नाही. तिथे आधी नुसतं वाचायला शिकवत आणि लिहिणं त्यानंतर काही वर्षांनी, शिकवलंच तर. वाचणं सर्वांसाठी, कारण बायबल प्रत्येकाने स्वतः वाचावं अशी तिथल्या पंथाची शिकवण होती. मॅसॅच्युसेट्स वसाहतीत १६४२ सालीच कायदा झाला की आईबापांनी मुलांना वाचता येईल एवढं शिकवावं. १६४७ च्या कायद्याने पन्नास घरांच्या गावाला लिहायला-वाचायला शिकवणारा एक मास्तर नेमणं भाग पाडलं. कायद्याचे शब्द मुलांबद्दल सरसकट होते. पण लिहिणं म्हणजे व्यापाराची, कचेरीची, हिशेबाची विद्या. ती पुरुषाच्या कामाची, असं लोकांनी धरून घेतलं. त्यामुळे मुलींना वाचायला शिकवायचं आणि हातात लेखणीऐवजी सुई द्यायची.

त्या सुईने मुली अक्षरं शिकल्या, हेही खरं. तागाच्या कापडाच्या पट्टीवर त्या रंगीत दोऱ्यांनी मुळाक्षरं, आकडे, वेलबुट्टी आणि शेवटी स्वतःचं नाव, वय किंवा साल भरायच्या. याला सॅम्प्लर म्हणत. प्लिमथ वसाहतीतल्या लोरा स्टँडिश या मुलीने सतराव्या शतकाच्या मध्यावर भरलेली पट्टी तिथल्या संग्रहालयात अजून आहे. अमेरिकेतली ती सर्वांत जुनी समजली जाते. या अक्षरांचा घरात उपयोग होता. चादरी, अभ्रे, रुमाल यांवर खुणेची अक्षरं आणि आकडे घालावे लागत. म्हणजे मुलीचं अक्षरज्ञान चादरीवरच्या खुणेपर्यंत येऊन थांबायचं.

याचा परिणाम कागदपत्रांत दिसतो. अभ्यासकांनी न्यू इंग्लंड भागातली जुनी मृत्युपत्रं तपासली. अठराव्या शतकाच्या अखेरीस दहापैकी जवळजवळ नऊ पुरुष सही करत होते. बायकांत सही करणाऱ्या निम्म्याहूनही कमी होत्या. बाकीच्या सहीच्या जागी फुली किंवा एखादी खूण करायच्या. यातल्या कित्येकींना पुस्तक वाचता येत असणार. पण आपल्या मालमत्तेच्या कागदावर त्यांना आपलं नाव घालता येत नव्हतं.

एका बाईची गोष्ट सांगतो. बेंजामिन फ्रँकलिन हे नाव तुम्ही विजेच्या धड्यात ऐकलं असेल. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या मोठ्या पुढाऱ्यांपैकी ते एक. त्यांच्या वडिलांना सतरा मुलं. बेंजामिन हे मुलग्यांत सर्वांत धाकटे आणि त्यांची बहीण जेन ही मुलींत सर्वांत धाकटी, १७१२ सालची. बेंजामिन यांची शाळा दोनच वर्षांची, पण पुढे भावाच्या छापखान्यात पुस्तकं मिळाली, कागद मिळाला, वेळ मिळाला. जेनला लिहायला शिकवलं ते या भावानेच. ती अकरा वर्षांची असताना तो घर सोडून गेला आणि तिचं शिक्षण तिथेच थांबलं. पंधराव्या वर्षी तिचं लग्न झालं. नवरा कर्जात बुडालेला. तिला बारा मुलं झाली आणि त्यातली अकरा तिच्या हयातीत गेली.

जेनने एकदा काही कागद दुमडून, सुई-दोऱ्याने शिवून छोटी वही केली. तिला नाव दिलं ‘वयांचं पुस्तक’. त्यात तिने मुलांचे जन्म आणि मृत्यू तारखांसह लिहून ठेवले. तिचं आत्मचरित्र म्हणाल तर एवढंच. ती भावाला आयुष्यभर पत्रं लिहीत राहिली. आपलं शुद्धलेखन वाईट आहे याची तिला लाज वाटायची आणि भाऊ तिला धीर द्यायचा. त्या पत्रांमुळे आणि त्या शिवलेल्या वहीमुळे ती आज आपल्याला माहीत आहे. तिच्यासारख्या हजारो बायकांना कुणी भावाने लेखणी धरायला शिकवलं नाही. त्यांची तर वहीही उरली नाही.

मुलींसाठी सरकारी शाळेचं दार उघडायलाही वेळ लागला. बॉस्टन शहराने १७८९ मध्ये मुलींना सार्वजनिक शाळेत घ्यायचं ठरवलं, पण एप्रिल ते ऑक्टोबर एवढ्याच महिन्यांत. मुलगे वर्षभर, मुली सहा महिने.

काही लोकांना तर लेखणी हातात घ्यायचीच मनाई होती. आफ्रिकेतून पकडून आणलेल्या आणि गुलाम केलेल्या लोकांना लिहायला शिकवणं साउथ कॅरोलायना वसाहतीने १७४० च्या कायद्याने बंद केलं. शिकवणाऱ्याला शंभर पौंड दंड. शब्द नीट ऐका, मनाई लिहिण्याला होती. गुलामाला लिहिता आलं तर तो स्वतःचा परवाना लिहील, निरोप पाठवील, पळून जाईल, ही मालकांची भीती. पुढे व्हर्जिनियासारख्या काही राज्यांनी १८३० च्या आसपास वाचायला शिकवण्याच्या वर्गांवरही बंदी आणली.

तरीही लोक शिकले. फ्रेडरिक डग्लस हा मेरीलँडमधल्या एका गुलाम आईचा मुलगा. बाल्टिमोरला मालकिणीने त्याला अक्षरं शिकवायला घेतली. नवऱ्याला कळलं तसं त्याने ते बंद पाडलं. मग हा मुलगा खिशात पाव ठेवून बाहेर पडायचा. रस्त्यावरच्या गरीब गोऱ्या पोरांना पाव द्यायचा आणि बदल्यात त्यांच्याकडून वाचायला शिकायचा. जहाजं बांधायच्या आवारात सुतार लाकडांवर खुणेची अक्षरं लिहीत, ती पाहून तो लिहायला शिकला. त्याची पाटी म्हणजे कुंपणाच्या फळ्या, विटांची भिंत आणि फरसबंदी, आणि लेखणी म्हणजे खडूचा तुकडा. वेब्स्टरचं निळं पुस्तक त्यानेही उतरवून काढलं. मालकाच्या मुलाच्या भरलेल्या जुन्या वह्या घ्यायचा आणि ओळींमधल्या मोकळ्या जागेत तसंच अक्षर गिरवायचा. १८३८ मध्ये तो गुलामीतून निसटला, १८४५ मध्ये त्याने आपली कहाणी स्वतः लिहून छापली आणि गुलामगिरीविरुद्ध तो देशभर बोलत राहिला.

एकोणिसाव्या शतकात सामान स्वस्त होऊ लागलं. लाकडी चौकटीची दगडी पाटी शाळाशाळांत आली. ती आपल्या घरांतही होती. लिहायचं, पुसायचं, पुन्हा लिहायचं. कागद संपण्याची धास्ती गेली आणि चूक करायची भीतीही कमी झाली. तीच पाटी मोठी होऊन भिंतीवर गेली, तो फळा. पोलादी टाक आला आणि मास्तरची पिसं तासण्यातून सुटका झाली.

या सगळ्यात एक गोष्ट आपल्याकडून तिकडे गेलेली आहे. अँड्र्यू बेल हे इंग्रज सरकारच्या मद्रासेतल्या अनाथ मुलांच्या शाळेचे प्रमुख होते. त्यांनी मलबारी मुलांना जमिनीवर वाळू पसरून बोटाने अक्षरं गिरवताना पाहिलं. आपल्याकडची धुळाक्षरंच ती. कागद नको, शाई नको. बेल यांनी ती रीत उचलली, इंग्लंडमध्ये जोसेफ लँकेस्टर यांच्या शाळांतही ती आली, आणि १८०६ पासून न्यूयॉर्कमध्ये गरीब मुलांसाठी निघालेल्या लँकेस्टर पद्धतीच्या शाळांत लहान मुलं वाळूच्या बाकावर बोटाने अक्षरं काढू लागली.

आणि तिकडून इकडे काय आलं? अमेरिकन मराठी मिशनची माणसं १८१३ मध्ये मुंबईत उतरली. धर्मप्रसार हा त्यांचा हेतू होता, त्यासोबत त्यांनी शाळाही काढल्या. १८२७ मध्ये न्यू हॅम्पशायर राज्यातून सिंथिया फरार नावाची अविवाहित शिक्षिका आली. पुढे अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, तिने मुलींच्या शाळा चालवल्या आणि १८६२ मध्ये ती तिथेच वारली. जोतीराव फुल्यांनी नगरच्या तिच्या शाळा पाहिल्या होत्या आणि त्याचा आपल्यावर प्रभाव पडल्याचं त्यांनी सांगितलं आहे. १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात मुलींची शाळा काढली. तुम्ही-आम्ही आज चार ओळी लिहितो त्याची सुरुवात तिथे आहे.

मैत्रिणींनो, या माहितीतून आम्ही आमच्या गटांपुरतं एक काम घेतलं आहे, तुम्हालाही सुचवतो. आमच्याकडे आता बहुतेक जणी सही करतात. पण हिशेबाचं रजिस्टर, ठराव, बँकेची स्लिप हे सगळं एकच जण लिहिते. बाकीच्या तिने लिहिलेल्या खाली सही करतात. वाचणं आणि लिहिणं जसं वेगळं, तसं सही करणं आणि लिहिणंही वेगळं. म्हणून आपल्या बचतीची ओळ, म्हणजे नाव, तारीख आणि रक्कम, जिची तिने लिहायची. अक्षर वेडंवाकडं आलं तरी चालेल. दर महिन्याला एकीने ठराव लिहायचा. वेळ लागेल, लागू द्या. जिला अजून अक्षरांची भीती वाटते, तिला ताटात तांदूळ किंवा राख पसरून बोटाने गिरवू द्या. पैसे पडत नाहीत.

आणि एक. शाळेचं वर्ष संपलं की पोरांच्या वह्यांत पंधरा-वीस कोरी पानं उरतात आणि ती रद्दीत जातात. ती काढून घ्या, दुमडा, मधोमध सुईने शिवा, वर जुन्या साडीचा तुकडा लावा. घरात कोण कधी जन्मलं, कोणतं औषध कुणाला लागू पडलं, कोणाकडून किती येणं आहे, शेतात कधी काय पेरलं, ते त्यात लिहा. पहिल्या पानावर नाव मात्र घरातल्या बाईचं घाला, आणि ते तिचं तिलाच लिहू द्या.